धनुर्वात, सायकल आणि वसंतादादा

धनुर्वातातून उठलेलं माणूस फारसं भेटत नाही. मी उठले. त्याला आता पाच वर्षं होऊन गेली. आमच्या गावात कुणाला विळा लागला, कुणाच्या पायात धसकट घुसलं, की बाया पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "ती बघ मास्तरची नंदा. तिला इचार काय होतंय ते." पोरं विचारायला येत नाहीत, पळून जातात. म्हणून लिहून ठेवते. औषधांची नावं मला आठवत नाहीत, आणि ती डॉक्टरांना माहीत आहेतच. मला जे आठवतं त्यातलं निम्मं आजाराचं आहे आणि निम्मं माझ्या भावाचं.

सायकल

आमचं गाव ताडकळसपासून कोसभर. बाबा शेजारच्या वाडीत प्राथमिक शाळेवर मास्तर. सातवीनंतर शिकायचं तर ताडकळसला जावं लागे, आणि आमच्या वस्तीतली एकही मुलगी तोवर तिकडे गेली नव्हती. बाबांनी मला त्यांच्या काळ्या चोवीस इंची सायकलवर बसवलं, मागचं कॅरिअर धरून आठ दिवस माझ्यामागं पळाले, आणि मला चालवता यायला लागल्यावर सायकल मला देऊन स्वतः पायी शाळेला जायला लागले.

मायला हे पसंत नव्हतं. ती बाबांपुढे बोलत नसे, मला मात्र रोज बजावायची, "पडलीस, हातपाय मोडून घेतलेस, तर आधी सायकल बंद आन् मग शाळा बंद. ध्यानात ठेव."

माझा भाऊ वसंता माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. परभणीला कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. आमच्या घराण्यात एवढं शिकलेला तो पहिलाच. बाबा चारचौघांत त्याचं नाव काढत नसत, पण त्याची पुस्तकं स्वतःच्या हातानं वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवायचे.

वसंतादादाला एक कला येत होती. सायकलचं पुढचं चाक वर उचलून तो नुसत्या मागच्या चाकावर सायकल चालवायचा. जयंतीच्या मिरवणुकीत त्यानं विहारापासून वेशीपर्यंत तशी सायकल नेली होती, आणि म्हातारी माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो सुट्टीला घरी आला तेव्हा मी त्याच्या मागेच लागले. मला शिकव.

"तुला कशाला पायजे?" तो म्हणाला.

"तुला कशाला पायजे होतं?"

तो हसला आणि तयार झाला.

बाबा शाळेला निघून गेले की माझी शाळा भरायच्या आत आम्ही गावाबाहेरच्या खळ्यावर जायचो. ज्वारी अजून हुरड्यात होती, त्यामुळे खळं रिकामं होतं. माती भुसभुशीत, वर जुना शेणाचा थर. मी परकर वर खोचून घ्यायची. आत दादाची जुनी खाकी चड्डी.

"हातानं ओढू नको," दादा सांगायचा. "पायडल वर आलं की जोरात दाब आन् बूड मागं टाक. चाक आपसूक उठतंय. लय वर गेलं असं वाटलं की मागचा ब्रेक धर. घाबरून हँडल सोडू नको, बास."

दहा-बारा दिवस मी नुसती आपटत होते. गुडघे सोलले, मांड्या काळ्यानिळ्या झाल्या, ते सगळं परकराखाली झाकून जायचं. चाक वीतभर उचललं जायचं आणि धप्पकन खाली यायचं. दादा वैतागायचा नाही. प्रत्येक वेळी म्हणायचा, "आता आलं बघ. अजून एकदा."

आणि एका सकाळी ते आलं. चाक उठलं आणि उठलेलंच राहिलं. मी एक पायडल मारलं, दुसरं मारलं, तिसरं मारलं. समोर रस्ता नव्हता, शेत नव्हतं, नुसतं आभाळ होतं. दादा मागून ओरडत होता, "सोडू नको, नंदे, सोडू नको!" माझ्या आयुष्यात त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर मला इतकं हलकं कधी वाटलेलं नाही. हे मी आजही लपवत नाही.

मग मी ब्रेक धरायला विसरले आणि पाठीवर पडले. सायकल माझ्यावर. मागच्या मडगार्डाची तुटलेली तार टाचेत घुसली होती.

शपथ

रक्त फार आलं नाही. दादानं तार उपसून काढली, विहिरीवर नेऊन पाय धुतला. जखमेत शेणमाती गेली होती, जेवढी निघाली तेवढी काढली. मग म्हणाला, "चल, ताडकळसच्या दवाखान्यात जाऊ. सुई घ्यावी लागंल."

मी म्हणाले, नको.

"अगं गंजकी तार हाय. चल, मी डबलसीट नेतो."

दवाखान्यातला कंपाउंडर बाबांच्या ओळखीचा होता. संध्याकाळच्या आत बाबांना कळलं असतं, बाबांकडून मायला, आणि मग सायकल बंद, शाळा बंद. मी दादाचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला. "माझी शप्पथ हाय तुला. कुणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

त्यानं हात ओढून घेतला. मग म्हणाला, "बरं."

आम्ही मायला सांगितलं की बाभळीचा काटा मोडला. तिनं हळद भरली. चार दिवसांत जखम वरून सुकली. मी शाळेतही जायला लागले.

हसायलीस काय?

नवव्या दिवशी सकाळी भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. जबडा अर्धाच उघडत होता. मला वाटलं दाढ दुखत असेल. मानही आखडली होती. मी चुलीपाशी बसून राहिले. मायनं मागे वळून पाहिलं आणि चिडून म्हणाली, "मी काय सांगायलेय आन् तू हसायलीस काय?"

मी हसत नव्हते. माझे ओठ आपोआप ताणले गेले होते, दात दिसत होते आणि मला ते मिटता येत नव्हते. मायनं पुन्हा पाहिलं. तिच्या हातातला भाकरीचा उंडा तसाच राहिला. "नंदे," ती म्हणाली, "असं करू नको ना गं."

दुपारी बाबा आणि दादा मला घेऊन एस.टी.नं परभणीला निघाले. माय मागून येणार होती. गाडी खड्ड्यात आदळली की माझी पाठ आपोआप मागे वाकायची, जणू कुणी आतून दोरी ओढतंय. बाबांनी मला मांडीवर घेतलं होतं. ते पुनःपुन्हा म्हणत होते, "थंडी भरली असेल. थंडीच आहे."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला घशाशी चमच्यासारखी पट्टी लावली आणि माझे दात तिच्यावर खटकन बंद झाले. त्यांनी पट्टी सोडवून घेतली, हात पुसले आणि विचारलं, "हिला काही लागलं होतं? पायाला, हाताला?"

बाबा म्हणाले, "नाही. काटा मोडला होता एक."

दादा भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "काटा न्हाई. सायकलची तार. गंजलेली. आज नववा दिवस हाय. मला माहीत होतं."

डॉक्टर म्हणाले, "धनुर्वात आहे." आणि मला आत न्यायला सांगितलं.

मला स्ट्रेचरवर घेतलं. मग बाबा बोलले. बाबांना ओरडायची सवय नव्हती, ते ओरडलेही नाहीत. "नऊ दिवस तुला ठाऊक होतं, वसंता. आणि तू गप्प बसलास. जा. माझ्या समोरून जा."

मी दोन हातांवर होते तिथून. मी सांगायचा प्रयत्न केला. मी शपथ घातली होती, त्याचा काही दोष नाही, एवढंच सांगायचं होतं. जबड्यातून नुसता हुंकार आला, आणि त्या जोरानं अंगात असा झटका आला की डोकं आणि टाचा तेवढ्या स्ट्रेचरला टेकलेल्या राहिल्या. सिस्टरनं सगळ्यांना बाहेर काढलं.

अंधारी खोली

या आजारात माणूस शुद्धीवर असतं. हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. झटका येतो, पाठ कमानीसारखी उचलली जाते, श्वास अडकतो, आणि तुम्हाला सगळं कळत असतं. तुमच्या घरातलं कुणी तिथे असेल तर हे लक्षात ठेवा, त्याला ऐकू येतं. उशाशी बसून रडू नका. हळू आवाजात काहीही साधं सांगा, शेळी व्याली, शेजारणीनं चटणी दिली, असलं काहीही.

खोलीला काळे पडदे होते. उजेड पडला, दार वाजलं, कुणी अचानक हात लावला, की झटका. माझ्या कानांत कापूस घातला होता. नाकातून नळी. सिस्टर चपला बाहेर काढून अनवाणी यायच्या. त्यातल्या एक वयस्कर होत्या, परभणीच्याच. त्या मला हात लावायच्या आधी दरवेळी कानाशी सांगायच्या, "नंदा, मी हाय. आता हात धरणार हाय, सुई देणार हाय. भिऊ नको." सांगून लावलेल्या हातानं झटका कमी यायचा. मी त्यांच्या पावलांची वाट बघायची, आणि पावलं वाजत नसल्यामुळे त्या कधी येतील ते कळायचं नाही.

दुसऱ्या खाटेवर जिंतूरकडची एक बाळंतीण होती, शेवंता नावाची. मी तिचं तोंड कधी पाहिलं नाही. आमच्या दोघींच्या मध्ये पडदा होता. पहिल्या दिवशी तिच्या बांगड्या किणकिणायच्या आणि त्या आवाजानं मला झटका यायचा, माझ्या खाटेच्या आवाजानं तिला. सिस्टरनं दुसऱ्या दिवशी साबण लावून तिच्या बांगड्या उतरवल्या. तिची आई हळूच म्हणाली, "बाई, भरल्या हाताच्या हायत हो." सिस्टर म्हणाल्या, "बरी झाली की मी भरीन."

माझी माय दाराबाहेर बसायची. दिवसातून एकदा तिला आत सोडायचे. ती माझ्या पायाच्या अंगठ्याला फक्त बोट लावायची, आणि सिस्टरसारखं आधी सांगायची, "मी हाय बाई."

मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. तोंड उघडलं की पहिलं काय सांगायचं. बाबा, दादानं सुई घ्यायला चल म्हटलं होतं. मीच शपथ घातली. एवढी दोन वाक्यं. ती मी दिवसातून शंभर वेळा म्हणायची, बंद दातांच्या आत.

अकराव्या दिवशी दुपारी पडद्यापलीकडे खूप पावलं वाजली आणि मग अजिबात आवाज राहिला नाही. शेवंता गेली. तिला पांढऱ्या चादरीत डोक्यापासून झाकून नेलं. तिची आई मोठ्यानं रडली नाही. मला झटका येऊ नये म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला होता, हे मला मायनं नंतर सांगितलं. स्वतःची लेक गेलेली असताना त्या बाईनं परक्या लेकीसाठी रडणं दाबलं. ती माऊली कुठल्या गावची, हे विचारायचं राहून गेलं. तिचं बाळ जगलं का, तेही मला माहीत नाही.

दोन बोटं

चौथ्या आठवड्यात जबडा दोन बोटं उघडला. नळी काढली. बाबा वाटीत पातळ पेज घेऊन शेजारी बसले. त्यांची दाढी वाढली होती आणि ती पांढरी निघाली होती, याचं मला आश्चर्य वाटलं. त्यांनी चमचा पुढे केला.

मी म्हणाले, "दादा चल म्हणला होता. सुई घ्यायला. मीच शपथ घातली."

जीभ चावली गेल्यामुळे शब्द बोबडे आले. मला वाटलं त्यांना कळलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणाले.

"कळलं," बाबा म्हणाले. "आधी पी."

मी वाटीभर पेज प्याले. थोडी गळ्यावर सांडली, ती त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसली. मग दारात जाऊन मायला म्हणाले, "वसंताला बोलाव."

माय म्हणाली, "कुठून बोलावू? दोन आठवडे झाले, त्यो दिसंना."

तेव्हा कळलं. बाबांना वाटत होतं तो गावाकडे घर सांभाळत असेल. तो गावाला गेलाच नव्हता. पहिले दहा-अकरा दिवस तो दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून होता. बाबा आले की पलीकडे सरकायचा. माय त्याला चोरून भाकरी द्यायची. मग एका दुपारी ती भाकरी घेऊन गेली तर तो तिथे नव्हता. तिनं बाबांना सांगितलं नाही, कारण बाबांसमोर त्याचं नाव काढायची तिला भीती वाटत होती. भांडण न करता आमच्या घरात असा महिना गेला होता. मरणाच्या भीतीपेक्षा ते वाईट होतं, असं मला आज वाटतं.

बाबा कॉलेजात गेले. मामांकडे गेले. मला घरी आणल्यावर रजा काढून सायकलवर पूर्णा, पिंगळी, जिंतूर, सगळीकडे फिरले. स्टेशनमास्तरांना विचारलं. वसंता नव्हता.

मामा, थट्टा करू नका

मी बरी झाले म्हणजे चालू लागले. झटक्यांनी पाठीचा एक मणका दबला आहे. मी थोडी पुढे वाकून चालते, घागर उचलता येत नाही, सायकल चालवता येत नाही. एक वर्ष वाया गेलं, पण शाळा सुटली नाही. बाबा रोज मला कॅरिअरवर बसवून, कोसभर सायकल हाताने ढकलत ताडकळसला न्यायचे, म्हणजे धक्का बसू नये. मायनं पुन्हा कधी शाळेला नाव ठेवलं नाही. ती एकूणच कमी बोलायला लागली.

चौदा महिन्यांनी आमच्या गावचे सटवाजीमामा, रेल्वेत गँगमन होते ते, सुट्टीला आले आणि थेट आमच्या घरी आले. वसंता मनमाडला दिसला. लाकडाच्या वखारीत ओंडके उतरवत होता. मामा त्याला म्हणाले, "अरे, घरी जा की. नंदी बरी झाली, शाळेला जायलीय." तर तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, मेलेल्या माणसाची थट्टा करू नका."

त्यानं शेवंताला पाहिलं होतं. लिंबाखालून त्यानं त्या खोलीतून पांढऱ्या चादरीखाली कुणाला तरी नेताना पाहिलं. त्या खोलीत दुसरी खाट आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो तसाच उठून स्टेशनवर गेला आणि समोर लागली त्या गाडीत बसला.

मामांनी त्याला स्वतःच्या लेकराची शपथ घेऊन पटवलं. चार दिवसांनी तो आला. मी ओसरीत धान्य निवडत होते. तो अंगणात उभा राहून माझ्याकडे बघत राहिला, जवळ येईना. हात फाटलेले, खांदे रुंद झालेले, डोळे आत गेलेले. मी उठून त्याच्यापाशी गेले तेव्हा त्यानं माझ्या वाकलेल्या पाठीवरून हात फिरवला आणि तो खाली मातीत बसला.

बाबा शाळेतून आले. बाप-लेक समोरासमोर उभे राहिले. बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग ते म्हणाले, "जेवलास का?"

"न्हाई."

"जेव."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी त्याला सांगितलं, नंदानं मला सगळं सांगितलंय, तुझी चूक नव्हती, कॉलेजात परत नाव घालू. दादा "बघू" म्हणाला. तो चार दिवस राहिला. लाकडं फोडून दिली, छपराची कौलं सारखी केली, मायशी बोलला. पाचव्या दिवशी म्हणाला, जातो. वखारवाल्याला सांगून आलोय.

पिंगळी

त्याला सोडायला मी पिंगळीच्या स्टेशनवर गेले, गावातल्या एका बैलगाडीतून. बाबा घरीच राहिले. गाडीला वेळ होता. प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघंच.

मी म्हणाले, "दादा, बाबांना मी खरं सांगितलंय. मीच शप्पथ घातली होती. आता कशाला जायलास?"

तो म्हणाला, "तू चौदाची होतीस, नंदे. मी एकोणीसचा. लेकरू नको म्हणतंय, मोठ्यानं उचलून न्यायचं असतंय. बाबा बोलले त्यात काय चूक?"

"पण मी जिती हाय ना."

"हायेस." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "पण चौदा महिने तू मेलेली होतीस. रोज सकाळी उठलो की तू मेलेली. ते कसं पुसू? हितं राहिलो की तू वाकून चालतीस ते दिसतंय, आन् तिकडं गेलो की तू शाळेला गेलीस असं वाटतंय. मला तिकडं बरं वाटतंय, बाई. जाऊ दे मला."

मला वाटत होतं सगळा दोष माझा आहे, आणि इतके दिवस तो मनमाडला बसून तोच दोष स्वतःचा म्हणून वाहत होता. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं ओझं घेता येईना. गाडी आली. तो चढला. दारात उभा राहिला, हात केला नाही.

मी स्टेशनाबाहेर आले तर बैलगाडीपाशी बाबा उभे होते. घामानं भिजलेले, चपला धुळीनं पांढऱ्या. आमच्या मागून पायी आले होते, आणि आत न येता बाहेरच थांबले होते.

"गेला का?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"काही म्हणाला?"

मी सांगितलं. "म्हणाला, बाबा बोलले त्यात चूक न्हाई."

बाबांनी मान हलवली, जणू एखाद्या मुलानं फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलंय आणि ते पुसायला त्यांना उठवत नाही. मग ते स्टेशनच्या पायरीवर बसले. गाडीवाला म्हणाला, मास्तर, चला, ऊन वाढायलंय. बाबा बसून राहिले. पलीकडून परभणीची गाडी आली, थांबली, चार माणसं उतरून गेली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि हात लावायच्या आधी म्हणाले, "बाबा, मी हाय."